ग्रीन टीमधले ओव्हरनाइट ओट्स: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ओव्हरनाइट ओट्स म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये भिजवून सकाळी न शिजवता खायचे ओट्स. पहिल्या वेळी मी सगळंच उलटं केलं होतं. खळखळ उकळलेल्या पाण्यात ग्रीन टीच्या दोन पिशव्या टाकल्या, तेवढ्यात फोन आला म्हणून त्या दहा-बारा मिनिटं तशाच राहिल्या. तो गरम चहा तसाच ओट्सवर ओतला, वरून दही घातलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फ्रीजमध्ये ढकलली. सकाळी उघडून बघते तर वर पिवळसर पाणी, त्याखाली दह्याच्या कण्या आणि तळाशी मातकट रंगाचा गोळा. एक चमचा तोंडात घातला तर जीभ कोरडी पडली आणि दातांवर काहीतरी चढल्यासारखं वाटलं. बरणी रिकामी करून उपाशीच कामाला गेले.

यात ओट्सचा दोष काही नव्हता. ओट्स भारी सोशिक असतात. पाणी थोडं जास्त झालं, दोन तास इकडेतिकडे झाले, सगळं चालवून घेतात. हट्टी असतो तो चहा. म्हणून पुढे चहाबद्दलच जास्त लिहिलंय. तो नीट उतरला आणि थंड होऊनच बरणीत गेला, की उरतं ते पाच मिनिटांचं काम.

## १. आधी अपेक्षा जाग्यावर आणा

फोटोत दिसणारा तो पोपटी रंग माचाचा असतो. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची दगडी जात्यावर दळलेली बारीक पूड. ती पानासकट पोटात जाते, म्हणून रंगही येतो आणि चवही ठसठशीत लागते. पत्तीचा किंवा पिशवीचा ग्रीन टी वापरलात तर ओट्स हिरवे होणार नाहीत. फिकट पिवळसर होतील आणि सकाळपर्यंत किंचित तपकिरीकडे झुकतील, कारण चहातले कॅटेचिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे घटक, हवेच्या संपर्कात हळूहळू रंग बदलतात. ओट्स बिघडलेले नसतात, त्यांचा रंगच तसा.

चवीचंही तसंच. चहाची चव पुढे येऊन बोलत नाही. आधी दही आणि मध लागतात आणि घास गिळताना मागून गवतासारखा हलका, ताजा वास येतो. मला हेच आवडतं. तुम्हाला दणदणीत चव हवी असेल तर सरळ सातव्या पायरीवरच्या माचाकडे जा.

वजनाचा विषय एकदाच काढते. चाळीस ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतू असतात. त्यावर दोन मोठे चमचे मध आणि मूठभर सुकामेवा घातला की कॅलरी सहज दुपटीच्या पुढे जातात आणि ग्रीन टी त्या परत खाली आणत नाही. ओट्सचा खरा गुण आहे बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा तंतू. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली. आपल्या एका बरणीत त्या ३ ग्रॅमच्या निम्म्याच्या आसपास बीटा-ग्लुकन येतं.

## २. ओट्स कुठले घ्यायचे

रोल्ड ओट्स घ्या. दाणे वाफवून रुळाखाली चपटे केलेले, अख्ख्या पाकळीसारखे दिसणारे. वाफेमुळे ते अर्धवट शिजलेलेच असतात, त्यामुळे थंड भिजवून खाल्ले तरी कच्चे राहत नाहीत.

इन्स्टंट ओट्स फार पातळ आणि बारीक असतात. रात्रभरात त्यांची खळ होते, चमच्याला धरण्यासारखं काही उरत नाही. शिवाय बऱ्याच पाकिटांत साखर, मीठ किंवा मसाला आधीच घातलेला असतो, तेव्हा पाकिटामागची घटकांची यादी वाचून घ्या. दाणे नुसते कापून केलेले स्टील-कट ओट्स याच्या उलट: सकाळीसुद्धा दाताखाली कडक लागतात. काहींना ते आवडतात, पण पहिल्या प्रयोगाला नकोत.

ग्लुटेन चालत नसेल तर ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलंच पाकीट घ्या. ओट्समध्ये गव्हातलं ग्लुटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-बार्लीचे दाणे त्यात मिसळतात.

## ३. सामान काढून ठेवा

एका माणसाच्या एका न्याहारीसाठी:

- रोल्ड ओट्स, ४० ग्रॅम. साधारण अर्धा कप.
- ग्रीन टीची पत्ती, ३ ते ४ ग्रॅम. पिशव्या असतील तर दोन.
- पाणी, १२० मिलिलिटर.
- घट्ट, गोड दही, ४ मोठे चमचे. आंबट दही नको, तुरट चहाशी त्याचं जमत नाही.
- चिया, १ छोटा चमचा. नसेल तरी चालेल.
- मध किंवा मेपल सिरप, १ छोटा चमचा.
- मीठ, अगदी चिमूटभर. हे वगळू नका, मिठाने कडवटपणा दबतो.
- सकाळी वर घालायला फळ.

भांड्यांत साडेतीनशे-चारशे मिलिलिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, बारीक गाळणी आणि लांब दांड्याचा चमचा. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा असेल तर फार उपयोगी पडतो, कारण चहाच्या पत्त्या जातीप्रमाणे हलक्या-जड असतात. गुंडाळलेल्या दाणेदार पत्तीचा एक चमचा आणि मोकळ्या पसरट पानांचा एक चमचा यांच्या वजनात खूप फरक पडतो.

पिशवी घेताना तिच्यात नुसता ग्रीन टी आहे ना, ते बघा. लिंबू किंवा जास्वंद घातलेल्या मिश्रणांना आंबटपणा असतो. दह्याऐवजी दूध वापरणार असाल तर ते अशा चहाने फाटू शकतं.

## ४. चहा उतरवा

दोन गोष्टी लक्षात ठेवा: पाणी उकळतं नको आणि वेळ लांबवायचा नाही.

ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा तापल्या कढईत परततात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. त्यामुळे त्यांच्यात कॅटेचिन भरपूर शिल्लक राहतात. तुरटपणा येतो तो त्यांच्यामुळे. पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितके कॅटेचिन आणि कॅफीन जास्त उतरतात. चहाला गोडसर, भरीव चव देणारं थिॲनिन मात्र कमी तापमानालाही पाण्यात येतं. म्हणून ७० ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी घ्यायचं आणि पत्ती फक्त दोन मिनिटं ठेवायची.

थर्मामीटर कुणाकडे असतो? त्यावर माझी युक्ती अशी. तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं, खोलीच्या तापमानाचं पिण्याचं पाणी एकत्र करायचं. मिश्रण ऐंशीच्या आसपास येतं आणि कपात पडल्यावर आणखी थोडं उतरतं. म्हणजे आपल्या १२० मिलिलिटरसाठी ९० उकळतं आणि ३० साधं. आधी पाणी मिसळायचं, मग पत्ती घालायची. पत्तीवर उकळतं पाणी ओतून वरून गार पाणी घातलंत तर जे व्हायचं ते पहिल्या काही सेकंदांतच होऊन जातं.

नेहमी प्यायच्या ग्रीन टीला एका कपाला २ ग्रॅम पत्ती पुरते. आपण त्याहून कमी पाण्यात जवळजवळ दुप्पट घेतोय, कारण ओट्स आणि दही मिळून चहाची चव गिळून टाकतात. इथेच बहुतेकांची गडबड होते. चव कमी लागली की पुढच्या वेळी पत्ती जास्त वेळ ठेवली जाते. त्याने चव वाढत नाही, तुरटपणा वाढतो. कडक चहा हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नाही.

दोन मिनिटं झाली की लगेच गाळा. पिशवी असेल तर उचलून थेंब गळू द्या, पिळू नका. पिळून निघणारा तो शेवटचा चमचाभर चहाच सगळ्यात तुरट असतो. गाळल्यावर हातात १०० मिलिलिटरच्या आसपास चहा येईल, बाकीचं पाणी पत्तीने पिऊन टाकलेलं असतं. एक घोट चाखून बघा. प्यायला किंचित जास्तच कडक वाटला पाहिजे, पण तोंड वाकडं होता कामा नये.

गार पाण्याची पद्धत. सकाळी तेवढीच पत्ती तेवढ्याच गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची आणि सहा-आठ तासांनी गाळायची. असा चहा गोडसर उतरतो, तुरटपणा आणि कॅफीन दोन्ही कमी, आणि थंड होण्याची वाट बघावी लागत नाही. मी हल्ली बहुतेक वेळा हेच करते. अडचण एकच, सकाळी आठवण राहायला हवी.

## ५. चहा थंड होऊ द्या

ही पायरी वगळायचा मोह सगळ्यांना होतो. गरम चहात दही घातलं की ते फाटतं. माझ्या बरणीतल्या कण्या त्याच होत्या. शिवाय गरम चहाने ओट्सचा वरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या गार काचेवर गरम चहा पडला तर बरणी तडकू शकते.

कप एका वाडग्यातल्या गार पाण्यात ठेवला तर दहा मिनिटांत चहा कोमट होतो. कपाला बाहेरून हात लावल्यावर ऊब जाणवली नाही की झालं.

## ६. बरणी भरा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरडं सगळं: ओट्स, चिया, मीठ. चमच्याने एकदा हलवा, म्हणजे चिया एका जागी राहणार नाही. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी ओढून घेतं आणि दाणे जिथे असतील तिथेच फुगून एकमेकांना चिकटतात. आधी चहा ओतून वर चिया भुरभुरवलंत तर सकाळी जेलीची एक अख्खी चकती हाताला लागेल.

मग थंड चहा ओता आणि तळापासून ढवळा. बरणीच्या खालच्या कडेला कोरड्या ओट्सची एक पट्टी दडून बसते. बरणी उजेडाकडे धरून बाहेरून बघितलं की ती पांढुरकी पट्टी दिसते. चमच्याचं टोक तिथपर्यंत पोचवून ती मोडा. मग दही आणि मध घालून पुन्हा ढवळा. पाच मिनिटं थांबून शेवटचं एकदा ढवळलंत तर फार बरं, कारण तोवर चिया फुगायला लागलेलं असतं आणि झालेल्या गुठळ्या तेव्हाच सहज सुटतात.

या वेळी मिश्रण पातळ दिसतं. दिसू द्या. घाबरून मूठभर ओट्स वाढवलेत तर सकाळी चमचा उभा राहील. वर दोन बोटं जागा ठेवून झाकण लावा.

फळांबद्दल एक खबरदारी. ताजं अननस, किवी किंवा पपई रात्री बरणीत घालू नका. या फळांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि सकाळपर्यंत दही कडू होतं. डब्यातलं अननस चालतं, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ती एन्झाइम्स निकामी झालेली असतात. केळंही रात्री नकोच, काळं पडतं.

## ७. माचा वापरणार असाल तर

चौथी आणि पाचवी पायरी सोडून द्या. अर्धा छोटा चमचा माचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम, बारीक गाळणीतून वाटीत चाळून घ्या. त्यात दोन छोटे चमचे कोमट पाणी घालून गुळगुळीत घोटा, मग १०० मिलिलिटर दुधात किंवा पाण्यात मिसळा आणि ते चहाच्या जागी ओता.

चाळायचा कंटाळा केलात तर हिरव्या गुठळ्या राहतात आणि त्या नेमक्या शेवटच्या घासात सापडतात. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो आणि हळूहळू तळाशी बसतो, म्हणून सकाळी बरणी पुन्हा ढवळायची. आणि पहिल्याच दिवशी दोन चमचे माचा टाकू नका. अख्खं पान पोटात जातंय, कॅफीनही त्याच हिशेबात जातं.

## ८. फ्रीज, आणि किती वेळ

बरणी लगेच फ्रीजमध्ये, ४ अंश किंवा त्याखाली. ‘रात्रभर’ या शब्दाने गोंधळून काही जण ती ओट्यावरच ठेवतात. तसं करू नका. ओलं धान्य आणि दही सात-आठ तास उबेत राहिलं की जिवाणूंना मोकळं रान मिळतं.

चार तासांत ओट्स खाण्याजोगे होतात, आठ तासांत मऊ. बारा तासांनंतर फारसा फरक पडत नाही.

भिजवल्याने ओट्समधलं फायटिक आम्ल निघून जातं, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. फ्रीजमध्ये ते फारसं होत नाही. ते आम्ल तोडणारं फायटेज हे एन्झाइम ओट्समध्ये मुळातच कमी असतं, वाफवताना त्यातलंही बरंच निकामी होतं, आणि थंडीत उरलंसुरलं मंदावतं. भिजवायचं ते मऊपणासाठी आणि सकाळच्या सोयीसाठी. या कल्पनेला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. माक्सिमिलियन बिर्खर-बेनर या स्विस डॉक्टरांनी १९०० च्या सुमारास झुरिकच्या आपल्या आरोग्यधामात रुग्णांना रात्रभर भिजवलेले ओट्स द्यायला सुरुवात केली. त्यात किसलेलं सफरचंद भरपूर आणि ओट्स माणशी जेमतेम एक चमचा असायचे. आपण त्याचं प्रमाण उलटं केलंय.

## ९. सकाळी

बरणी काढा, ढवळा, चाखा. घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे दूध घाला. फार पातळ असेल तर आणखी एक चमचा चिया घालून पंधरा मिनिटं थांबा. वर थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर ते दह्याचं असतं, ढवळलं की आत जातं.

वरून फळ घाला. माझी पसंती पिकलेल्या आंब्याला किंवा स्ट्रॉबेरीला, कारण गोडव्याबरोबर थोडी आंबट धार असली की चहाची चव उठून येते. त्यातलं क जीवनसत्त्व आणखी एका कामाला येतं, ते पुढे सांगते. बदामाचे काप किंवा भाजलेल्या बिया अगदी खाताना घाला, रात्री घातल्या तर कुरकुरीत राहत नाहीत.

कोमट हवे असतील तर मायक्रोवेव्हमध्ये झाकण काढून थोडं थोडं गरम करा आणि मध्ये ढवळा. फार तापवलंत तर दही फाटेल. खरं सांगायचं तर मला हे ओट्स गरम करून कधीच आवडले नाहीत, चहाचा सगळा वास उडून जातो.

## १०. बिघडलं तर

कडू झाले: पाणी फार गरम होतं किंवा पत्ती जास्त वेळ राहिली. आजची बरणी वाचवायची तर आणखी दोन चमचे दही आणि किंचित मीठ घाला. साखर ओतत बसू नका, कडू ते कडूच राहतं, वर गोडही लागतं.

चहाची चवच लागत नाही: पत्ती जुनी असेल. ग्रीन टी हवेने आणि उजेडाने लवकर उतरतो. घट्ट झाकणाच्या, आतलं न दिसणाऱ्या डब्यात ठेवा आणि मसाल्यांच्या शेजारी तर मुळीच नको.

चिकट, तारा सुटणारे: ओट्स इन्स्टंट निघाले किंवा चहा गरमच ओतला गेला.

## ११. कोणी जपून खावेत

रक्तात लोह कमी असेल तर हे नीट वाचा. चहातली पॉलिफेनॉल्स (कॅटेचिन त्यातलेच) धान्य-भाज्यांमधल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी कमी लागतं. क जीवनसत्त्वाचं फळ सोबत असलं की हा परिणाम थोडा कमी होतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि ही न्याहारी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

कॅफीनचा हिशेब ठेवा. ग्रीन टीच्या साध्या कपात साधारण ३० मिलिग्रॅम असतं, आपली पत्ती जास्त असल्याने इथे त्याहून जास्त धरा. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते, त्यात दिवसभराचा चहा-कॉफी सगळं आलं. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर विशेषतः माचा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल फोडून बरणीत टाकायचा सल्लाही कानावर आला असेल. तो ऐकू नका. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा अर्कांचा आढावा घेतला होता. पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृताला इजा होत असल्याची लक्षणं दिसतात, असं त्यात म्हटलं आहे. पाण्यात उतरवलेला नेहमीचा चहा साधारणपणे सुरक्षित मानला आहे.

तंतूंची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम ओट्सने सुरुवात करा आणि दिवसभर पाणी पीत राहा. एकदम पूर्ण बरणी संपवलीत तर पोट दुपारपर्यंत गुडगुडत राहील.

## १२. एकदम जास्त बरण्या करायच्या असतील तर

तीन दिवसांपुरत्या करा, त्याहून जास्त नको. चौथ्या दिवशीही खाता येतात, पण ओट्स फार लिबलिबीत होतात आणि चहाचा वास जवळजवळ गेलेला असतो. चहा एकत्रच उतरवायचा, पत्ती आणि पाणी त्याच प्रमाणात वाढवायचं, वेळ तोच, दोन मिनिटं. झाकणावर करायच्या दिवसाची तारीख लिहा. फ्रीजमध्ये मागे ढकललेल्या बरणीचं वय नुसतं बघून ओळखता येत नाही, आणि आंबूस वास आला की चाखून खात्री करायची नसते, टाकून द्यायची असते.